इवायाचा खालचा सूर

१८ डिसेंबर
आला! रजत आणि येलेना त्याला नागपूरच्या विमानतळावरून घेऊन आले. माझा इवाई — सुनेचा बाप — वुकाशिन. सर्बियाचा संगीतकार. तिकडे मोठमोठे गायकवृंद याची गाणी गातात म्हणे. इथे देवळीत गाडीतून उतरताना डोकं आपटून घेतलं आणि लवून नमस्कार केला — शेजारच्या म्हशीला! मी तिच्या मागे उभी होते.

१९ डिसेंबर
हसू येतं, पण भीतीही वाटते. रजत दिवाळीतच बोलला — "आई, येलेनाचे बाबा एकटे पडलेत. आम्ही तिकडेच जायचं म्हणतोय." म्हणजे हा पाहुणा माझी पोरं न्यायला आलाय. वांग्याची भाजी जहाल केली. मुद्दाम! त्यानं दोनदा मागून घेतली.

२३ डिसेंबर
अंगणातून मोठ्यानं हाक — "प्रिया!" मी उडालेच. नेमकी आमच्या भजनी मंडळाची रुखमा दारात.
"काऊन वो शकुंतलाबाई, इवाई तुमाले प्रिया म्हणून राह्यला?"
येलेना हसून हसून खाली बसली. त्यांच्या भाषेत विहिणीला प्रियाच म्हणतात. खरंच! रुखमाला समजावलं. "समजलं न. मी कोनाले सांगत नाई," म्हणाली — म्हणजे संध्याकाळपर्यंत गावभर. तिला वुकाशिन म्हणता येत नाही. विकासभाऊ झाला त्याचा.

२८ डिसेंबर
गच्चीवर उन्हात बसून त्यानं आपलं आयुष्य सांगितलं. येलेना मराठीत करून सांगत होती. नदीकाठचं खेडं. बाप चर्चमध्ये गायचा — चाल नाही, सगळ्यांच्या चालीखाली एकच खालचा सूर धरून ठेवायचा. आपल्या तंबोऱ्यासारखा. हा बापाच्या पोटाला कान लावून उभा. "माझी पहिली शाळा ती," म्हणाला.
मग नोवी साद शहरात शिकला. नव्याण्णव साली बॉम्ब पडले, शहरातले पूल नदीत कोसळले, तेव्हा यानं त्या पुलांसाठी गाणं लिहिलं. लोकांनी ते दोन्ही काठांवरून गायलं — अर्धे इकडून, अर्धे तिकडून! त्यानंच नाव झालं. त्यात खालचा सूर बायकोचा होता. देसांका. ती गेल्यापासून एक ओळ लिहिली नाही त्यानं. "वरचे सगळे आवाज ऐकू येतात," म्हणाला. "खाली काहीच नसतं."
मी पेरू कापून दिला.

३ जानेवारी
संक्रांतीच्या कार्यक्रमाचा सराव आमच्याकडे. मी पेटीवर, बायका गायला. तो कोपऱ्यात. गाणं संपल्यावर त्यानं माझ्याकडे बोट केलं आणि येलेनानं मराठीत विचारलं — "प्रिया काऊन नाई गात?" सून माझी रुखमाकडून मराठी शिकली आहे!
सांगितलं. गळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून आवाज पुरुषासारखा घोगरा. शाळेत गाणं शिकवायचे मी. आता पेटीच बरी.
"एक सूर. फक्त एक," तो म्हणाला.
धरला. अगदी खालचा. वाटलं, बायका हसतील. कुणी हसलं नाही. तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला, वळलाच नाही.

७ जानेवारी
आज त्यांचा नाताळ. येलेनानं गोल पाव भाजला. त्यात नाणं घालतात. ज्याला मिळेल त्याचं वर्ष चांगलं. मिळालं रुखमाला — दाताखाली! "विकासभाऊ, दात गेलता न माया!"
पण खरी बातमी वेगळीच. सकाळपासून तो माझ्या पेटीशी बसलाय. लिहितोय!

११ जानेवारी
गाणं तयार. शब्द एकच — "येजो". निघणाऱ्याला आपण दारातून म्हणतो तो, 'पुन्हा ये' अशा अर्थाचा. रोज कानावर पडायचा म्हणाला. एकीचं येजो संपायच्या आत दुसरीचं सुरू, कुणी वर, कुणी त्याहून वर. खाली मी. श्वास कुठे घ्यायचा हेच कळत नाही! तो त्याच्या भाषेत ओरडतो, मी माझ्या. मजा येते आहे.

१५ जानेवारी
काल झालं. सभागृह भरलेलं. मध्येच रुखमा घाईत आधी घुसली आणि सगळ्या चुकल्या. एकेक आवाज बंद. फक्त माझा उरला — तो घोगरा! थांबावं वाटलं. समोर इवाई, त्यानं नुसती मान हलवली. मी धरून राहिले. मग रुखमा आली परत. मग दुसरी. मग सगळ्या!
संपलं. आणि मागून म्हाताऱ्या मनकर्णाबाई — "आता नीट म्हना वो एकडाव."
म्हटलं. नीट!

१९ जानेवारी
भांडी घासताना येलेना सांगत होती. बाबा तिला म्हणाले — "मी तुला न्यायला आलो होतो. आता नको. मला काम आहे, मी राहीन एकटा." पोरं इथेच राहणार! मोरीतच रडले. मग शिरा केला.

२४ जानेवारी
इवायाच्या तिकडच्या गायकवृंदाला खालच्या सुरासाठी माणूस हवं आहे. सहा महिन्यांसाठी. रजत तीनदा विचारून गेला, "आई, खरंच?"
खरंच. पोरं जातील म्हणून भीत होते. चाललेय मी!