तुझ्या वाट्याचं वचन

महाड
६ नोव्हेंबर २०२५

प्रिय सारिका,
प्रभूमध्ये सलाम.

तू मजेत असशील असं लिहायची रीत हाय म्हणून लिहिते. खरं काय ते तुलाच ठाऊक. फोन उचलत नायस, मेसेज बघत नायस, तेव्हा म्हटलं पत्रच टाकावं. फाडायचं तर फाड, पण आधी वाच.

इकडे बरं चाललंय. ओमने नवी रिक्षा घेतली, दिवसभर वीर स्टेशन ते महाड मारतो. सून अंकिता चांगली हाय, फक्त मीठ टाकताना तिचा हात आखडतो. माझे गुडघे सकाळी कुरकुरतात. त्यांना म्हणते, थांबा जरा, आधी शास्त्र वाचून होऊ दे, मग काय ते बोला.

म्हणजे वाचन चालू हाय. हेच सांगायला पत्र घेतलं. रविवार सोडून रोज सकाळी सहाला, बायबलचा एक अध्याय, ओळीने. पण आता माझ्याच्यानं रेटवत नाय गो. तू परत ये. झालं, लिहिलं एकदाचं.

शर्मिलाचा नियम आठवतो ना? एकेक वचन वाचायचं. आधी तू, मग ती, मग मी. एखादी आली नाय तर तिच्या वाट्याचं वचन दुसरीनं वाचायचं नाय. तेवढा वेळ गप्प बसायचं आणि पुढं जायचं. "दात पडलेली जागा जिभेला कळते ना, तसं कोण नाही ते आपल्याला कळलं पाहिजे," म्हणायची. मी भाचीच्या लग्नाला उमरठला गेले होते, तर परत आल्यावर हिनं मला दारातच पकडलं. "रखमा, तुझी वचनं वाचलीस का गं तिकडे?" मेली नर्स झाली, पोलिसात जायला हवी होती.

मेली लिहिलं आणि पेन थांबलं बघ. असू दे. पुढं लिहिते.

चार वर्षांमागं पूर ओसरल्यावर तुझे मालक, रितेशभाऊ, तुडील गावाच्या अंगाला सापडले. त्यांना माती देऊन आलो, आणि तू शर्मिलाच्या दारात उभी राहून म्हणालीस, "माझ्या वचनांसाठी आता थांबू नका." भरत तुला डोंबिवलीला घेऊन गेला. भाऊच तो, नेणारच. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बसलो. बायबल उघडलं. तुझा नंबर आला आणि शर्मिला थांबली. रोज थांबली. अख्खं शास्त्र एकदा संपलं, उत्पत्तीपासून पुन्हा धरलं, तरी तुझी जागा तिनं भरू दिली नाय. मी एकदा वैतागून तुझं वचन वाचायला लागले, तर हातावर चापट मारली माझ्या.

आता खरं लिहिते. शर्मिला गेली, सारिका. गणपती गेले त्याच आठवड्यात. कावीळ अंगात मुरली होती, नर्स असून तिनं अंगावर काढली. भरतला मी कळवलं होतं. त्यानं तुला सांगितलं की नाय, प्रभू जाणे.

तेव्हापासून मी माझ्या स्वयंपाकघरात एकटी बसते. एक वचन वाचते, दोनदा थांबते.

वाचायच्या आधी ती घसा खाकरायची, आठवतं? तिच्या वाट्याला मी थांबते तेव्हा तो आवाज येतो. डाव्या हाताला, ती बसायची त्या बाजूला. पहिल्या दिवशी वाटलं अंकिता उठली. जाऊन बघते तर अंकिता गाढ झोपलेली. मी डोंगरातली बाई, भुताखेताच्या गोष्टी ऐकत वाढले. प्रभूत आले तेव्हा ते सगळं सोडलं होतं. पाळकांना सांगायची सोय नाय, ते माझ्यासाठीच उपास-प्रार्थना ठेवतील. भ्या वाटतं गो. पण त्याहून वाईट दुसरंच हाय. तुझ्या वाट्याला थांबते तेव्हा काहीसुद्धा ऐकू येत नाय. ती मरून येते आणि तू जिती असून येत नायस.

दवाखान्यात शेवटी ती एकच विचारत होती. "सारिका माझ्यावर रागावली ना? ते वचन मी वाचलं होतं." मला आधी कळेना कुठलं वचन. मग आठवलं. पुराच्या सकाळी एकशे एकविसावं स्तोत्र होतं. सातवं वचन तू वाचलंस, आठवं तिनं. घरातून जाणाऱ्याला आणि परत येणाऱ्याला प्रभू सांभाळील, अशा अर्थाचं ते आठवं. ती वाचत होती आणि रितेशभाऊ दारातून ओरडून गेले, दुकानातलं सामान माळ्यावर टाकून आलोच म्हणून. तिचा आवाज कानात नको म्हणून तू गेलीस, असं ती बाई मरेपर्यंत धरून बसली. खरं हाय का ते? मी तिचा हात चोळत बसले.

सतरा तारखेला, सोमवारी, तेच स्तोत्र येतंय.

तू ये. तुझं सातवं वाच, आणि तिचं आठवंही तूच वाच. तिचा नियम एवढा एकदा मोडू. तुझ्या तोंडून ते ऐकलं की तिला उत्तर मिळेल आणि ती यायची थांबेल, असं मला वाटतं. ती थांबली की माझी सकाळ किती ओकीबोकी होईल ते मला ठाऊक हाय. भ्या वाटलं तरी सोबत होती गो तिची. तरी ये. देवावर राग असेल तर राग घेऊन ये, मी काही शिकवणार नाय. वचन खोटं वाटलं तर तसंच वाच, दात-ओठ खात वाच.

रविवारी संध्याकाळी वीरला उतर. ओम रिक्षा घेऊन उभा राहील.

नाहीच आलीस तरी मी सहाला बसेन. सातव्याला तुझ्यासाठी थांबेन, आठव्याला तिच्यासाठी. नववं वचन त्या स्तोत्रात नाय. पुढं वाचायला माझ्या वाट्याला काहीच नाय.

तुमच्या दोघींच्या मधे गप्प बसलेली,
रखमा