वाघोबा घाटाचा उतार

बोईसर,
१२ जानेवारी १९९५

प्रिय वामन,

'प्रिय' लिहिलं आणि पेन थांबलं. खोडणार होतो, पण त्या जागी दुसरं काय लिहायचं ते सुचेना. सोळा वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही. तुझ्यामाझ्यात अंतर तरी किती? बोईसर ते पालघर, मधे एक उमरोळी स्टेशन. तेव्हा राहू दे 'प्रिय', जुन्या सवयीने पडलंय.

तुझ्या सायकल मंडळाचं संमतीपत्र माझ्या घरी आलंय. राहीने आणलं. माझी थोरली, यंदा अकरावीला आहे. येत्या बावीस तारखेच्या रविवारी पालघरहून वाघोबा घाट ओलांडून मासवणला नदीपर्यंत सायकल सहल, मार्गदर्शक श्री. वामन तामोरे, आणि खाली पालकाच्या सहीसाठी रेघ. आठ दिवस तो कागद रेडिओखाली पडून होता. मी सही करत नव्हतो, कारण सांगत नव्हतो, आणि पोरगी माझ्याशी बोलत नव्हती. शेवटी गोजराने तोंडावर विचारलं, तुमचा पाय गेला म्हणून तिनंही घरात बसायचं का, की लेकीच्या पायांचा हेवा वाटतोय? बायको आहे, तिला बरोबर कुठे टोचायचं ते कळतं. मी रेडिओचा आवाज वाढवला. तुला मात्र खरं सांगतो. वाटतो हेवा.

तुला आठवतात का रे आपले शुक्रवार? कारखान्याला सुट्टी, बाकीचे कामगार खोलीवर पत्ते कुटत बसायचे आणि आपण दोन येडे सायकली काढायचो. आधी पाम गावच्या शेतांच्या बांधांवरून. बांध असा अरुंद की पॅडल गवताला घासायचं, आणि मी निदान दोनदा तरी चिखलात. तू हसायचास, घाटी माणसाला सपाटीवर चालवता येत नाय म्हणायचास. मग चढ लागला की माझी पाळी. आमच्या अकोले तालुक्यातल्या डोंगरात मी लहानपणी भाड्याची सायकल दामटलेली. वाघोबाच्या चढावर मी सीटवरून उठून पॅडल मारत पुढे जायचो आणि तू मागून शिव्या देत यायचास, तोंडाला फेस, तरी एकदासुद्धा उतरून सायकल ढकलली नाहीस. ते मानतो मी. माथ्यावर पोचलं की शर्ट पाठीला चिकटलेला, पाय थरथरताहेत, आणि समोर तो सगळा उतार आपली वाट बघतोय. पहिल्या वळणानंतर पॅडलला हात… पाय कसला लावायचा, नुसतं बसायचं. कानात वारं, डोळ्यांत पाणी, सागाची पानं चाकाखाली कुरकुरताहेत. आयुष्यात मला कुणी काही फुकट दिलं असेल तर त्या उताराने दिलं. खाली सूर्या नदीत कपड्यांसकट डुंबायचं आणि तुझ्या आईने बांधून दिलेली तांदळाची भाकरी नि सुक्या बोंबलाची चटणी काठावर बसून खायची. येसूबाईंचा डबा मी नको म्हटला की त्या कावायच्या. "आमी काय परकं हाय का रं? गप ने!" त्या गेल्या तेव्हा मला कळवलंदेखील नाहीस. मला आठवड्याने बाजारात कुणाकडून तरी समजलं. हेही मी विसरलेलो नाही.

आणि आपली ती पद्धत. समुद्राच्या खाऱ्या हवेने रिमा गंजायच्या, चाकं वेडीवाकडी व्हायची, ब्रेकचे रबर घासत राहायचे. सपाटीवर चालून जायचं, पण चढाला त्याचा जीवघेणा जोर लागायचा. म्हणून घाटाच्या पायथ्याशी आपण ब्रेकचे नट सैल करायचो आणि माथ्यावर पुन्हा आवळायचो. कुणी शहाण्या माणसाने ऐकलं असतं तर कान उपटले असते. माथ्यावर तू वाघोबाला नारळ ठेवायला जायचास, कारण तो तुमच्या मुलखाचा देव, आणि पाना माझ्याकडे, कारण मी फिटर. दोन्ही सायकलींचे ब्रेक मीच आवळायचो. दोन वर्षांत एकदाही चूक झाली नाही.

त्या शुक्रवारी मात्र अदलाबदल झाली. राही बारा दिवसांची होती. मी तुला म्हटलं, आज पोरीच्या नावाचा नारळ आहे, मीच ठेवतो. तू माझ्या हातातला पाना ओढून घेतलास. "जा तू वागोबाला. ब्रेकचा मी बगतो." मी नारळ फोडला, हात जोडले, परत आलो तर तू सायकलवर टांग टाकून तयार. झाले का, विचारलं. झाले म्हणालास. कारखान्यात दुसऱ्याने बसवलेल्या प्रत्येक नटावर मी स्वतः पाना फिरवून बघायचो, त्याशिवाय कागदावर सही करत नसे. त्यापायी अर्धं खातं माझ्यावर चिडून असायचं. तुझ्या देखत मात्र ब्रेक दाबूनसुद्धा पाहिला नाही. दोस्ताने आवळलेला नट तपासायचा म्हणजे त्याच्या तोंडावर खोटारडा म्हणण्यासारखं वाटलं मला. एवढीच माझी चूक, आणि ती मी कबूल करतो.

तिसऱ्या वळणावर ब्रेक दाबला आणि तो मोकळाच आत गेला. खालून लाकडाचा ट्रक चढत होता. मी सायकल ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर घातली. पुढचं तुलाच माहीत आहे, मला ते माहीत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा तिसरा दिवस होता आणि डावा पाय गुडघ्याखाली नव्हता.

महिन्याने मेहुण्याने मोडकी सायकल घरी आणली. मी कॉटवरून नट चाचपून बघितले. पायथ्याशी मी जेवढे फिरवून सोडले होते तेवढेच होते, बोटाने फिरत होते. तू आपली सायकल आवळलीस आणि माझी विसरलास. आवळता आवळता मन कुठेतरी गेलं असेल, माणूस आहे, होतं. विसरण्याबद्दल मी तुला त्याच दिवशी माफ केलं होतं, खोटं वाटेल तुला.

पण ते तीन दिवस मी बेशुद्ध असताना तू काय सांगत फिरलास? गोजराला, माझ्या आईला, खात्यातल्या सगळ्यांना? की झुंबर पोरीच्या आनंदात येडा झाला होता, दोन्ही हात सोडून उतरत होता, मी ओरडलो तरी ऐकलं नाही. मग दवाखान्यात माझ्या उशाशी बसून हुंदके देत राहिलास. मला वाटलं, आज रडतोय, उद्या सांगेल. कारखान्याच्या फाटकावर टाइमकीपरच्या खुर्चीत बसलो तेव्हा वाटलं, वर्षभरात सांगेल. तू नोकरी बदललीस, पालघरला घर केलंस, मंडळ काढलंस. मी वाट बघत राहिलो. रागाने नव्हे रे, लाजेने. आपल्या दोस्ताला खोटारडा ठरवायची मलाच लाज वाटत होती, आणि तुला ती कधी वाटली नाही.

मागच्या आठवड्यात तू राहीच्या कॉलेजात सहलीची माहिती द्यायला गेला होतास. तिथे पोरांना सावध करायला आपल्या एका मित्राची गोष्ट सांगितलीस, मुलगी झाल्याच्या आनंदात हात सोडून उतरलेल्या मित्राची. नाव घेतलं नाहीस, उपकार झाले. पोरं हसली म्हणे. समोरच्या बाकावर माझी राही बसली होती. तिने ओळखलं. ही गोष्ट ती पाळण्यात असल्यापासून ऐकतेय.

काल ती बोलली, आठ दिवसांनी. आणि हे पत्र त्याच्यासाठी आहे, माझ्या पायासाठी नाही. वामन, माझी आई मरेपर्यंत या पोरीला पांढऱ्या पायाची म्हणत होती. बारशाच्या दिवशी बापाचा पाय खाल्ला म्हणायची. मी आईला गप्प करायचो आणि समजायचो की लहान आहे, तिला कुठलं कळतंय. काल राही मला म्हणाली, बाबा, मला सहलीचं काही नाही, मला फक्त त्या घाटात वाघोबापुढे नारळ ठेवून माफी मागायची आहे, मी झाले म्हणून तुमचा पाय गेला. सोळा वर्षं ती हे मनात घेऊन वाढली आणि मी शेजारी बसून होतो. त्याच क्षणी मी तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, माझे डोळे पुसले, आणि म्हणाली, तुम्ही मला बरं वाटावं म्हणून सांगताय. वामन, माझ्या पोरीचा माझ्यावर विश्वास नाही, तुझ्यावर आहे. सही केलेला कागद सोबत पाठवतोय. रविवारी ती माथ्यावर नारळ फोडायला निघेल तेव्हा तिला अडव आणि सगळ्या पोरांसमोर खरं काय झालं ते सांग. मग माझ्याकडे आला नाहीस तरी चालेल.

एकेकाळी तुझाच असलेला,
झुंबर