दोन बादल्या

दादा,

तू सरकीच्या पेंडीचं खाद्य आणलंस आणि आठवड्यात तळ्यातले मासे उलटे तरंगायला लागले. मग संशय दुसऱ्या कुणावर घेणार? तू म्हणालास, "अगं, आधी बादलीत करून बघ." मी म्हटलं, "चोराच्या उलट्या बोंबा!" तू कपड्यांची पिशवी उचलून निघून गेलास.

शेवटी केलं. बाबा करायचे तसं दोन बादल्यांत चार-चार पिल्लं सोडली. एकीत विहिरीचं पाणी आणि तुझं खाद्य. दुसरीत नुसतं तळ्याच्या काठचं पाणी. आठ दिवसांनीही तुझी चारही टुणटुणीत आहेत. दुसरीतली पहिल्याच दुपारी मेली. आधी वाटलं, बादल्या कुणीतरी अदलाबदल केल्या असणार. रात्रभर पाळत ठेवली, कुणीच फिरकलं नाही, तेव्हा कुठे आठवलं.

त्याच काठावर मी फवारणीचा पंप विसळते. वांग्यांवर मारायचा तंबाखूचा काढा असतो त्यात. झाडपाल्याचंच औषध, त्यानं काय होतंय, असं मीच सगळ्यांना सांगत आले.

आज शेजारीण विचारत होती, "मासे कशानं मेले, कळलं का गं?"

मी पुन्हा तुझंच नाव सांगितलं.

पाकिटावर पत्ता न लिहिणारी,
तुझी धाकटी