शेवंताबाईंचं वसतिगृह

सावदा, १२ फेब्रुवारी १९७३

तीर्थस्वरूप नानांस धाकट्या कुंदाचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? इकडे माझं डोकं सोडून सगळं ठीक आहे. तुमच्या मेहुण्यांना मी जेवायला वाढते, पण त्यांच्याशी बोलत नाही.

कारण ऐका. आपल्या शेवंताबाई (माझ्याच वर्गातल्या, आधी वकील, मग आमदार, आता दूरच्या डोंगराळ राज्याच्या राज्यपाल) परवा सत्काराला आल्या. समितीचे अध्यक्ष आमचे हे. भाषणं सगळी पुरुषांची. राज्यपाल असूनही बाई वांग्याचं भरीत स्वतः करतात, यावर एकाने टाळ्या घेतल्या! आमदार असताना मंत्र्यांशी भांडून त्यांनी इथे खेड्यातल्या मुलींसाठी वसतिगृह बांधून घेतलं, हे एकाही मिशीवाल्याच्या तोंडून निघालं नाही. निघणार कसं? गेल्या वर्षापासून तिथे ह्यांची केळी पिकत घातलेली! (मुलींना 'तात्पुरतं' घरी पाठवलं. आमच्या शेतावरच्या पुनाच्या हुशार पोरीचं तर घरच्यांनी लग्न लावून टाकलं. हे मी कधीच विसरणार नाही.)

शेवंताबाई म्हणाल्या, "आधी वसतिगृह बघू."

हे म्हणाले, "रस्ता फार खराब आहे."

"मीच करून घेतलाय तो."

मग म्हणे किल्ली हरवली. तेव्हा मी भर सभेत उठले आणि कमरेची किल्ली काढून दिली (सकाळीच ह्यांच्या कोटातून घेतली होती).

दार उघडताच केळ्यांचा उबट वास अंगावर आला, खोल्या भरून सगळी केळीच. शेवंताबाईंचं राजभवनातलं मराठी तिथेच संपलं आणि आपली खानदेशी बोली सुरू झाली. "आठे त बठ्ठी केळी शे! पोरी कोठे शेतस?" असं ओरडून त्या पदर खोचून पायरीवरच बसल्या. खोल्या रिकाम्या झाल्याशिवाय मोटार हलणार नाही म्हणाल्या. मग काय, इस्त्रीच्या धोतरांतली अख्खी समिती घड वाहायला लागली. ह्यांच्या नव्या कोटावर केळीचा चीक पडलाय. डाग निघत नाही, आणि मी काढणारही नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
कुंदा

ता. क. मुली परत आल्या की त्यांच्याजवळ राहायला कोण तयार आहे, असं शेवंताबाईंनी विचारलं. मी हात वर केला. ह्यांना वाटतंय मी माशी हाकलली. तेव्हा रविवारी येऊन तुम्हीच त्यांना नीट समजावून सांगा.

ता. क. नाही जमलं तरी हरकत नाही. माझी ट्रंक कालच वसतिगृहात गेली.