मधला खांब

४ जानेवारी, सकाळ ७.१०
आजपासून रोजनिशी. फक्त माझ्यासाठी. खरं लिहायचं, रोज लिहायचं.
पणजोबांनी बांधलेलं दुमजली घर. खाली छापखाना होता, तो बंद पडून चाळीस वर्षं झाली. वर ताई, शाळेतून रिटायर झाल्यापासून एकटीच. घर शहराच्या वारसा यादीत आहे, म्हणजे समितीला विचारल्याशिवाय खिळासुद्धा ठोकायचा नाही. बाहेरून तसंच ठेवायचं, आतून आजच्या माणसाला राहण्याजोगं करायचं. मग मी आणि ही खाली राहायला जाणार.
मुदत सहा महिने. लागतील चारच.

११ जानेवारी
सुतारकाका आले. वडिलांच्या वेळेपासून या घराचं लाकूडकाम त्यांच्याकडे. मला अजून 'धाकटे' म्हणतात. मला मार्चमध्ये एक्कावन्न पूर्ण होतील.
लॅपटॉपवर ओपन प्लॅन दाखवला. त्यांनी लॅपटॉपकडे पाहिलंच नाही, छताकडे पाहत बसले. मग मधल्या खांबावर थाप मारून म्हणाले, "धाकटे, बाकी काय हवं ते करा. याला हात लावू नका. वरची तुळई याच्या डोक्यावर आहे."
जुन्या माणसांना बदल सोसत नाही.

१८ जानेवारी
फरशीवर खडूने सोफा आखला. खांब बरोब्बर सोफ्याच्या पोटात. ही म्हणाली, सोफा सरकवता येणार नाही का? लेआउट कळायला दृष्टी लागते. तिला तसं सांगितलं. तेव्हापासून बोलत नाही. शांतता कामाला पोषक.

२५ जानेवारी
विमा कचेरीत मी बावीस वर्षं पडझडीचे दावे तपासतोय. घरं का पडतात हे मला कुणी शिकवायला नको. खांब शोभेचा आहे असं माझं मत झालं आहे. समितीला कळवायची गरज नाही. शोभेच्या वस्तूंना नियम लागू होत नसावा. नियम वाचलेला नाही.

२ फेब्रुवारी, दुपार १.३०
काका दोन दिवस बाहेरगावी. योगायोग. नाक्यावरून दोन गडी आणले. एकाने विचारलं, आधी वर टेकू द्यायचा ना? म्हटलं, टेकूबिकू काही नको. त्याने दुसऱ्याकडे पाहिलं, दुसऱ्याने दाराकडे.
पाऊण तासात खांब आडवा. काहीही झालं नाही. मुद्दाम लिहून ठेवतो: काहीही झालं नाही.

४ फेब्रुवारी
काका परतले. रिकाम्या जागेपाशी जाऊन वर तुळईकडे पाहिलं. मला वाटलं, चिडतील. ते म्हणाले, "आजच्या आज टेकू लावू. आणि ताईंना खाली आणा."
रविवारी समितीच्या बाई पाहणीला येणार आहेत, टेकू फोटोत वाईट दिसतील, असं सांगितलं. तरी त्यांनी दोन वासे आणलेच. मी ते अंगणात ठेवायला लावले. रविवारनंतर बघू.

६ फेब्रुवारी
छतातून अधूनमधून आवाज. लाकूड जागा धरतंय. ताईची तक्रार: कपाटाचं दार आपोआप उघडतं. पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवून दिली. तिने विचारलं, पुठ्ठा कपाटाला लावलास की घराला? शिक्षकांचा विनोद.

८ फेब्रुवारी, रविवार, सकाळ ९
मोठा दिवस. इस्त्रीचा शर्ट. काकांनाही बोलावलंय, फोटोत कारागीर असलेला बरा.

त्याच दिवशी, संध्याकाळ ६
लिहायचं नव्हतं. पण रोज लिहायचं असं ठरलंय.
मी बाईंना हवा कशी खेळते ते दाखवत होतो. वर कडाडलं. छताला मधोमध वीतभर पोट आलं. वर ताईचं कपाट कोसळलं आणि ताई ओरडली. मी जागच्या जागी उभा होतो, खेळत्या हवेकडे हात केलेला. काका या वयात तीन-तीन पायऱ्या चढत वर गेले. ताईला धरून खाली आणली, मग अंगणातले वासे आणून तुळईखाली ठोकले.
ताईचं मनगट मोडलंय. सहा आठवडे प्लास्टर.

आणखी एक. बाईंनी विचारलं, "इथला खांब कोणी काढला?"
काका वाशाला खांदा देऊन उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. बाईंनीही त्यांच्याकडे पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. काकांनी मान खाली घातली.
मी खोटं बोललो नाही. बोललोच नाही.

२० फेब्रुवारी
समितीचं पत्र. मान्यताप्राप्त कारागिरांच्या यादीतून काकांचं नाव काढलंय. जुन्या वाचनालयाच्या जिन्याचं काम त्यांना मिळालं होतं, तेही गेलं. या वयात माणसाला विश्रांती हवीच.
हे वाक्य मघाशी लिहिलं. वाचवत नाही. खोडतही नाही.

२३ फेब्रुवारी
ताई सध्या आमच्या फ्लॅटवर. एका हाताने वेणी घालता येत नाही, म्हणून ही घालून देते. दोघी मला पाहिलं की बोलायच्या थांबतात. ताईने एवढंच विचारलं, "काकांनी खरंच काढला तो?" मी म्हणालो, प्रकरण गुंतागुंतीचं आहे. ती म्हणाली, "नाही रे. एका खांबाचं आहे."

१ मार्च
समितीला लिहायचं ठरवलं. मसुदा चांगला उतरला: 'सदर खांब काढण्यात आला. त्यातून गैरसमज निर्माण झाला.'
ताईने तीस वर्षं व्याकरण शिकवलंय. डाव्या हातात लाल पेन घेऊन विचारलं, "प्रयोग?"
म्हटलं, कर्मणी. नवीन.
"कर्ता?"
"अध्याहृत."
"बाळा, अध्याहृत नाही. पळून गेलाय."

३ मार्च
दुसरा मसुदा: 'आमच्याकडून'. ताईने विचारलं, आम्ही कोण कोण? मी कुठे होते त्यात?
तिसरा मसुदा: 'मी, काही अंशी'. ताईने प्लास्टरचा हात टेबलावर ठेवला.

५ मार्च
'खांब मी काढला. सुतारांनी मला नको म्हणून सांगितलं होतं. त्यांच्या गैरहजेरीत काढला.' तीन वाक्यं. चार दिवस लागले.
समितीच्या कचेरीत स्वतः नेऊन दिलं. बाईंनी दोनदा वाचलं. मग विचारलं, "त्या दिवशी का नाही बोललात?" भिंतीवर शहराचा नकाशा होता, तो पाहिला.
काकांचं नाव यादीत परत घेतील. तसाच खांब पुन्हा उभा करायला परवानगीही मिळाली. वाचनालयाचा जिना मात्र दुसऱ्याला दिला गेलाय. त्याचं आता काही होण्यासारखं नाही.

१४ मार्च
काकांना भेटायला जायचं होतं. ऊन फार.

१५ मार्च
त्यांच्या दुकानापर्यंत गेलो. ते गिऱ्हाइकाशी बोलत होते. व्यत्यय नको म्हणून परतलो.
दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. एकटेच बसले होते. हेही लिहायला हवं.

१७ मार्च
माफीचं भाषण तयार. सुरुवातीला वडिलांचा उल्लेख, मध्ये वारसा, शेवटी क्षमा. आरशासमोर म्हणून पाहिलं. वारशापर्यंत ठीक जातं.

२२ मार्च, दुपार ४
ताईचं प्लास्टर काल निघालं. आज तिने परस्पर काकांना जुन्या घरी बोलावलं. मला सकाळी सांगितलं, जुने कपडे घालून ये.
गेलो तर काका नव्या खांबाला मशीनने रंधा मारत होते. आमच्या दोघांशिवाय कोणी नाही, मशीनचा कानठळ्या बसवणारा आवाज. याहून चांगली संधी मिळणार नव्हती. भाषण सोडलं आणि म्हणून टाकलं, "काका, माझं चुकलं."
त्यांनी मशीन बंद केलं. "काय म्हणालात?"
मी म्हणालो, "काही नाही. चहा घेणार का?"
जिन्याच्या पहिल्या पायरीवर ताई येऊन बसली होती, मला दिसली नव्हती. ती म्हणाली, "आता मशीन बंद आहे. म्हण."
म्हणालो. त्या दिवशी तुमच्याकडे पाहिलं ते जाणूनबुजून पाहिलं, हेही म्हणालो. वाचनालयाच्या जिन्याचंही बोललो. खांब मला शोभेचा वाटला होता, तेही सांगितलं.
काकांनी बाहीवरचा भुसा झटकला. जिना पाच महिन्यांचा होता म्हणाले. सागवान निवडून ठेवलं होतं म्हणाले. असू दे, असं काही म्हणाले नाहीत.
मग जॅक लावून तुळई इंच-इंच वर घेतली. खांब उभा केला आणि मला खूण केली. "धाकटे, धरा. दोन्ही हातांनी. हलू देऊ नका."
धरला. ते वर पाचर ठोकत होते, भुसा माझ्या डोळ्यांत पडत होता. खांदे भरून आले. अर्ध्या तासाने विचारलं, "काका, सोडू का?"
खाली न बघता म्हणाले, "मी सांगेन तेव्हा."