पाचव्या इनिंगनंतर

७ जून

हरलो. तिसऱ्या इनिंगलाच मला काढलं. स्किपनी, म्हणजे आमच्या मॅनेजरनी, माझ्या हातातून बॉल घेताना वर बघितलंसुद्धा नाही. बसमध्ये मात्र शेजारी येऊन बसले. "वेन, डावखुरा पिचर आहेस म्हणून अजून इथे आहेस. उजवा असतास तर केव्हाच घरी जाऊन ट्रॅक्टर चालवत असतास."

खोटं नाही. सहा वर्षं झाली बेसबॉलच्या खालच्या लीगमध्ये. माझ्याबरोबर आलेले काही वर गेले, बाकीचे घरी. मी आपला ना इकडे ना तिकडे. खिडकीचा वारा लागू नये म्हणून डाव्या हाताला टॉवेल गुंडाळून बसलो. टेनेसी यायला अजून बराच वेळ आहे.

८ जून

घरी फोन केला. बाबांच्या छातीत परत दुखतंय. आई म्हणाली, "तब्येतीचं विचारू नकोस. उगाच चिडतात."

बाबांनी फोन घेतला आणि एवढंच विचारलं, "बॉल बॅटरच्या गुडघ्याखाली टाकतोयस ना?" मी हो म्हणायच्या आत परत आईच्या हातात.

१४ जून

आज बरं पडलं. दोन रन दिले, बस्स. बेनी, माझे बॉल झेलणारा कॅचर, म्हणाला, "आज हात जागेवर होता तुझा. उद्या कुठे ठेवून देऊ नकोस."

सराव करताना धान्याच्या कोठारामागची जागा आठवत होती. बाबा उलट्या बादलीवर बसायचे, हातात फाटका ग्लव्ह. दिवसभर कोठारात पोती ओढून आलेला माणूस, पण अंधार पडेपर्यंत उठायचे नाहीत. शाळेत बाई माझा डावा हात बाकाला बांधून ठेवायच्या. तेव्हा बाबा शाळेत गेले होते. काय बोलले कुणास ठाऊक! दुसऱ्या दिवसापासून हात मोकळा. बादलीवरून मात्र एकच शब्द यायचा—खाली. चांगला पडला तरी खाली, वाईट पडला तरी खाली.

२१ जून

बाबांना हॉस्पिटलमध्ये हलवलं. मी निघतो म्हटलं. आईनी बाबांना फोन दिला. आवाज पार खोल गेलेला. "तुझा टाकायचा नंबर कधी आहे?" म्हटलं, रविवारी. "मग रविवारी टाक. सोमवारी ये. खेळ टाकून आलास तर तोंड बघणार नाही तुझं."

स्किपना सांगितलं. म्हणाले, सोमवारी सकाळी मी स्वतः तुला विमानावर सोडतो.

२५ जून

विमानतळावर बसून लिहितोय.

पाच इनिंग झाल्या तरी माझ्या बॉलवर कुणाला एक हिट मिळाली नव्हती. असं चाललेलं असलं की पिचरशी कुणी बोलत नाही. स्कोअरबोर्डकडे बोट दाखवायचं नाही, त्या गोष्टीचं नाव काढायचं नाही. शब्द निघाला की मोडतं. सगळेच मानतात, मीही मानतो. बेंचवर माझ्या दोन्ही बाजू रिकाम्या. बेनीनी पाणीसुद्धा लांबूनच सरकवलं.

पाचवी संपली तेव्हा आमचे कपडे धुणारा म्हातारा डॉइल दारात आला आणि स्किपना खूण केली. स्किप आत गेले. परत आले ते चेहरा पाडून, आणि पार टोकाला जाऊन बसले. मला वाटलं, बायकोशी वाजलं असेल.

नवव्या, शेवटच्या इनिंगचा शेवटचा बॅटरही हिट न मिळता बाद झाला. सगळे माझ्या अंगावर पडले. सहा वर्षांत पहिल्यांदा! उठून बघतो तर स्किप तिथे नाहीत.

ऑफिसात गेलो. रेडिओवर सामन्याची बडबड अजून चालू होती. टेबलावर फोनचा रिसीव्हर काढून ठेवलेला. स्किप म्हणाले, "वेन, बस. तुझे बाबा गेले."

"कधी?"

"आत्ताच कळलं. पण वाईट आहे हे पाचव्या इनिंगलाच कळलं होतं. ऐक—"

ऐकायला होतं काय? पाचव्या इनिंगला! आणि हा माणूस गप्प बसला. एका खेळासाठी. मी त्यांना ढकललं. कपाटावर आपटले. मागून हाक मारत होते, "ऐकून तरी घे, पोरा." कपडेही न बदलता निघालो.

२६ जून

विमानात. पायात अजून खेळायचेच मोजे.

२९ जून

बाबांना पुरलं.

संध्याकाळी आई म्हणाली, "नर्सचा फोन आला, ताबडतोब या म्हणून. निघायच्या आधी तुला कळवावं म्हणून तुझ्या मैदानावर फोन लावला. लावत राहिले. सारखा एंगेज. शेवटी निघाले, तर मलाही उशीरच झाला." म्हणजे ते एकटेच गेले.

टेबलावरचा रिसीव्हर डोळ्यांसमोर आला. स्किपनी तो घरून फोन येऊ नये म्हणून काढून ठेवला होता. आईला नाही सांगितलं. तिला कशाला.

४ जुलै

स्किपचा फोन. आवाज ओळखला आणि ठेवून दिला. परत आला, परत ठेवला.

९ जुलै

क्लबकडून निरोप आला. वरच्या संघात घेतायत, मोठ्या लीगच्या एक पायरी खाली. आठवड्यात हजर व्हा. नाही म्हणून कळवलं. उद्यापासून बाबांच्या कोठारात कामाला जातो.

२३ जुलै

महिना होत आला, बॉल हातात धरलेला नाही. डाव्या हाताला पोत्यांचे घट्टे पडलेत. बादली तिथेच उलटी आहे. तिच्यावर बसवत नाही. फार आठवण येते बाबांची.

६ ऑगस्ट

चर्चबाहेर एक बाई भेटल्या. मिसेस लिंडक्विस्ट. बाबांच्या खोलीतली नर्स. बहिणीकडे गेल्या होत्या, कालच परतल्या.

म्हणाल्या, "तुझ्या मैदानावर फोन बाबांनीच लावायला सांगितला, पोराशी बोलायचंय म्हणून. मॅनेजर म्हणाले, आत्ता बोलावतो. तर तुझे बाबा म्हणाले, 'खेळ चालू आहे ना? मग बोलावू नका. रिसीव्हर रेडिओपाशी ठेवा.' मी विचारलं, पोरगा कसा खेळतोय? त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. आठव्या इनिंगला गेले रे. मी रिसीव्हर काढला नाही. सामना संपेपर्यंत कानाशीच ठेवला. मग मॅनेजरना सांगितलं. त्यांनी तुला हे सांगितलं नाही का?"

दुपारी मैदानावर फोन लावला. डॉइलनी उचलला. "कोण, वेन? थांब, स्किपना बोलावतो."

म्हटलं, "खेळ चालू आहे ना? मग बोलावू नका. रिसीव्हर रेडिओपाशी ठेवा."

त्यानी रेडिओपाशी नेऊन ठेवला. तिसरी इनिंग चालू होती.