शिंगाचा रंग अन् ब्रेकचा दिवा

बाबा, मी चौथीत होती तवा तुमी तापानं गेले अन् मायी शाळा बी तठीच सुटली. म्हणून हे अक्षर असं हाय. आता मी बाळापुरात असतो. मले एक पोरगी हाय, वर्साची बी नाई झाली अजून. तिचा डावा पाय जल्माचाच आतमंदी वळलेला हाय. अकोल्याच्या दवाखान्यात डाक्तर तो पाय जरासा सरका करते अन् पलिस्तर चढवते, दर मंगळवारी जुनं उतरवते अन् नवं चढवते. "एक बी खेप चुकली तं पाय पुन्हा फिरन," असं त्यानं मले बजावून सांगतलं. म्हणून आमी दर मंगळवारी मोटारीनं अकोल्याले जातो. मोटार आमच्या घरची हाय बाबा. तुमी आयकलं असतं तं हसले असते. तुमच्या वक्ताची जुनीच हाय, गोल गोल डोळ्याची, दरवाजा दोनदा आपटल्याशिवाय लागत नाई. पोरीचे बाबा तिच्यात बाळापूर-अकोला सवाऱ्या नेतात.

तुमाले काहून लिवून राहिली ते सांगतो. मांगल्याच्या मांगल्या मंगळवारी अकोल्याहून येताना रस्त्यात मेंढरं आडवी आली. ह्यायनं ब्रेक दाबला. मी मांगच्या सीटवर पोरीले घेऊन बसली होती. मांगून गिट्टीनं भरलेला ट्रक येत होता. चाकं अशी वरडली का म्या मान फिरवून पायलं, अन् ट्रकचं तोंड आमच्या काचेत येवढं मोठं झालं का त्याच्या समोर टांगलेलं लिंबू मले दिसलं. कसा थांबला ते देवालेच माईत. ट्रकवाला खाली उतरला अन् ह्यायच्यावर खेकसला, "मरना है क्या? ब्रेक मारता है और बत्ती नहीं जलती!" हे म्हणाले, "जलती है, भाई." नोती जळत. घरी येऊन पायलं, डिक्कीवरचा ब्रेकचा एकुलता लाल दिवा मेल्यावानी. ह्यायनं नवा बल्ब आणून लावला, तो बी लागला नाई. "वायर असंन. मिस्त्री गावाले गेला, आला का दाखवतो. तवरीक सावकाश नेतो," म्हणाले, "तू भेतेच लय." मी भेतोच. मी पोटुशी होती तवापासून भेतो. पण आता भेव कुठी ठेवू ते समजत नोतं. अकोल्याले नाई गेलं तं पोरीचा पाय जाते, अन् गेलं तं तो ट्रक मायामांगं येते.

मंग मले तुमचं मोटारी दुरुस्तीचं टिनाचं शेड आठवलं, अकोल्यातलं. दुपारची वेळ, ऑइलचा वास, तुमी मोटारीत बसून ब्रेकवर पाय ठेवून हाय अन् मी मोटारीमांगं उभी. "लागला काय वं?" "लागला!" "आता?" "गेला!" मले वाटे हे माया वरडण्यानंच लागते. एक दिवस रस्त्यानं माकडवाला चालला होता अन् म्या तिकडे पायता पायताच "लागला" म्हणलं. तुमी उतरून आले. मारलं नाई. मले त्या दिव्यासमोर उकिडवं बसवलं अन् म्हणाले, "हा दिवा मोटारीतल्या माणसाले कदी दिसत नाई. मांगून येणाऱ्यासाठी हाय. तू न पायता हो म्हणशीन तं मांगच्यानं काय करावं?" मी रडली तवा तुमी मले एक जळका बल्ब खेळाले देल्ला. अन् ते वाटेचं बी तठीच सांगतलं. करंट वायरीनं जाते अन् मोटारीच्या लोखंडातून परत येते. बल्ब चांगला, वायर चांगली, तरी दिवा लागत नाई, मंग परतीची वाट पायजो, लोक तेच इसरतात. मले त्यातलं काई समजलं नोतं. पण तुमी बोलले ते ध्यानात राहिलं.

रविवारी हे बाजारात गेले तवा म्या सासूबाईले म्हणलं, "आत्याबाई, जरा मोटारीत बसता काय?"

"काहून? कुठी जायाचं हाय?"

"कुठी नाई जी. तुमी नुसता पायानं ब्रेक दाबा, मी मांगून पायतो."

"अन् पयाली म्हणजे?"

"बंद हाय, नाई पयत."

"आण मंग पोट्टीले मायाजवळ. मरू तं संगंच मरू," म्हणाल्या, अन् नऊवारीचा घोळ सावरत बसल्या चाकामांगं, नातीले मांडीवर घेऊन. पोरीनं पलिस्तरचा पाय झाडला तो नेमका हारनवर. अशी बोंबलली मोटार का आत्याबाई बी तिच्याहून जोरात वरडल्या, "चालू झाली वं मायबाई! धर!" शेजारीण कुडावरून डोकावून म्हणे, "कोणाची वरात निंगाली वं?" मले हसू येऊन राहिलं.

म्या दिव्याची काच काढली. बल्बातली तार साबूत होती. वायर ओढून पायली, घट्ट होती. मंग तुमी करे तसं तारेचा तुकडा घेतला, त्याचं एक टोक दिव्याच्या पत्र्याले टेकवलं अन् दुसरं खाली बंपरच्या आतल्या उघड्या लोखंडाले. "दाबा आत्याबाई!" अन् बाबा, लागला. लालभडक. दुपारच्या उन्हात बी दिसे. म्या न पायता "लागला" म्हणलं नाई. तीनदा दाबाले लावलं अन् तिनी वेळा डोळे फाडून पायलं. तार काढली का गेला, टेकवली का लागला. म्हणजे परतीची वाटच बंद होती.

दिवा पेचकसानं खोलला अन् म्या वाकून पायलं. दिव्याच्या बुडाखाली हिंगूळ होता, बैलाच्या शिंगाले लावतात तो लाल रंग. जाड, वाळलेला, पेचाच्या भोकात बी गेलेला, म्हणून दिव्याचं बूड लोखंडाले टेकतच नोतं.

तुमाले पोळ्याचं सांगाच लागन. औंदा दोघा भावाच्या वाटण्या झाल्या, बैलजोडी जेठाकडे गेली अन् ह्यायच्या वाट्यावर ही मोटार आली. पोळ्याच्या आदल्या दिवशी ह्यायनं मोटारीच्या बंपरले हळद अन् तूप चोळलं, जसं बैलाचा खांदा मळतात तसं. मंग शिंगाचा रंग घेऊन बसले. समोरचे दिवे, मडगाटाचे काठ, अन् मांगचा दिवा तं खोलून, त्याच्या खाली पुरा हात मारून पुन्हा बसवला, कुठी कोरं राहू नये म्हणून. पोळ्याले बैलाच्या रांगेत मोटार नेऊन उभी केली. लोकं हसले. "तुया बैल वैरण खात नाई काय गा?" हे बी हसले. "पेट्रोल पेते, म्हणून तं मारकुंडा नाई," म्हणाले. पण जेठाची जोडी तोरणाखालून निंगाली तवा ह्यायनं मोटारीवर हात फिरवला, बैलाच्या पाठीवरून फिरवतात तसा, अन् लय वेळ खाली पायत राहिले. आत्याबाईनं मोटारीच्या नाकाले पुरणपोळी लावली. मी पोरीले घेऊन दूर उभी होती. त्या दिवशी मले ह्यायची जेवढी कीव आली तेवढी कदी आली नाई.

अन् त्याच रंगापाई मायी पोरगी ट्रकखाली जाणार होती.

म्या भाकर उलटवाच्या सराट्याच्या टोकानं दिव्याखालचा रंग खरवडला, लोखंड चमकेलोक. बाहेरून दिसते तेवढा रंग तसाच ठेवला, एक टवका उडू देल्ला नाई. पेच आवळले. आत्याबाईनं दाबला, दिवा लागला. त्या उतरून मांगं आल्या, लाल भुकटी सांडलेली पायली, माया तोंडाकडे पायलं. म्या पदरानं भुकटी पुसली. ह्यायले आल्यावर दिवा दाखवला तं खूश झाले. "काय झालं होतं?" म्हणे.

"पेच ढिला होता," म्या म्हणलं.

"हो गा," आत्याबाई म्हणाल्या, "लय ढिला होता. म्या सोता दाबला."

मंगळवारी अकोल्याले जाऊन आलो. पाय सुधरून राहिला, असं डाक्तर म्हणाला. येताना एक ट्रक मांगं लागला होता. ह्यायनं ब्रेक दाबला का तो दूर राहे. दर खेपेले दूर राहे. तरी म्या पोरीले धरून ठेवलं होतं ते घर आल्यावरच सोडलं.

आता दसरा येऊन राहिला. मोटारीची पूजा हाय. हे म्हणाले, उन्हानं रंग फिका पडला, पुन्हा सारं खोलून बराबर मारतो. रंगाचा डबा म्या ज्वारीच्या कणगीमांगं लपवला. हे आंगणात शोधून राहिले. "तुले दिसला काय वं?" म्हणून आत्ताच इचारलं, म्या नाई म्हणलं. किती दिवस लपवीन? सांगाच लागन. दिव्याखालचं लोखंड कोरं ठेवा, बाकी सारी रंगवा, येवढंच तं हाय. पण हे इचारतीन काहून, अन् मंग ह्यायले सारं समजन. तो पोळा बी, तो ट्रक बी, अन् मांगं कोण बसलं होतं ते बी.

हे सारं लिवलं बाबा, ते तुमच्यासाठी नाईच. ह्यायले कसं सांगावं ते मी लिवून पायत होती. तुमाले सांगणं सोपं हाय. तुमचं तोंड मले पाहा लागत नाई.